नाही म्हणणारा माणूस (ड्रीम थिएटर, ‘पॅरासॉम्निया’ आणि थोडं आमच्याबद्दल)

अडीचकी:

पावसाळ्यात कात्रजहून हिंजवडीला पोचायला किती वेळ लागतो हे आता मी छातीठोकपणे सांगू शकतो. ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा ‘पॅरासॉम्निया’ हा अल्बम ७१ मिनिटांचा आहे आणि काल तो भूमकर चौकाच्या अलीकडेच संपला. पुढच्या खोळंब्यात हा धागा डोक्यात लिहून काढला.

ज्यांचा या गावाशी संबंध नाही त्यांच्यासाठी: १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तीन पोरं भेटली. जॉन पेट्रुची (गिटार) आणि जॉन म्यंग (बेस) हे लॉंग आयलंडच्या किंग्ज पार्कमधले शाळूसोबती, आणि ड्रमर माइक पोर्टनॉय. मेटलचं वजन आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकची लांबलचक, वळणावळणाची रचना असं जे मिश्रण पुढे प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणून रुळलं, त्यात या मंडळींचा वाटा फार मोठा. सप्टेंबर २०१० मध्ये पोर्टनॉय बाहेर पडला. माइक मँगिनी आला, तेरा वर्षं राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परत आला आणि ७ फेब्रुवारी २०२५ ला हा सोळावा अल्बम निघाला. लॉंग आयलंडवर त्यांचं स्वतःचं ठिकाण आहे, डीटीएचक्यू. तालीम, सामानाचं गोदाम आणि स्टुडिओ सगळं एका छपराखाली. तिथंच बसून केलाय. निर्माता पेट्रुची, मिक्सिंग अँडी स्नीपचं. विषय झोपेतली दुखणी: दचकून ओरडत उठणं, झोपेत चालणं, जाग आलेली असताना हातपाय न हलणं.

अल्बम कसा आहे यावर भांडायला पुष्कळ जागा आहेत. मला वेगळं बोलायचंय. अल्बम होत असताना ‘हे नको’ म्हणणारं कोण असतं?

‘इमेजेस अँड वर्ड्स’ची गोष्ट घ्या. १९८९ चा पहिला अल्बम फारसा चालला नाही, गायक गेला, आणि ही मंडळी जवळजवळ दोन वर्षं गायकाशिवाय गाणी रचत बसली. कॅनडातून जेम्स लाब्रीची कॅसेट आली तोवर बहुतेक गाणी तयार होती. १९९१ च्या शेवटच्या तीन महिन्यांत न्यूयॉर्क राज्यातल्या सफर्न गावी, बेअरट्रॅक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. निर्माता डेव्हिड प्रेटर. पोर्टनॉय आणि त्याचं अजिबात जमलं नाही. रेकॉर्ड कंपनीनं दोन तबकड्यांचा अल्बम काढायला नकार दिला, म्हणून ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ हे वीसेक मिनिटांचं प्रकरण बाहेर राहिलं. उरलेली आठ गाणी आजही कुठून कापावीत ते कळत नाही. आणि बाहेर राहिलेलं गाणं मुरत राहिलं, १९९५ मध्ये २३ मिनिटांचं होऊन आलं, तेही झकास.

दुसरा नकार १९९७ चा. ‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’च्या वेळी कंपनीनं फारच हात घातला, बाहेरून गीतकार आणून एक गाणं बदलून घेतलं. पोर्टनॉय तेव्हाच सोडून जायच्या बेतात होता. वीसेक मिनिटांचा एक डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) तिथंही बाजूला पडला. पुढच्या खेपेला कंपनीनं हात काढून घेतला, त्या बाजूला पडलेल्या डेमोतून १९९९ चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ उभा राहिला, पुन्हा त्याच बेअरट्रॅक्समध्ये. आता बाहेरचा नाही म्हणणारा उरला नव्हता. ते काम पोर्टनॉयकडे आलं. तो आणि पेट्रुची स्वतःच निर्माते.

२०१६ चा ‘द अस्टॉनिशिंग’ मात्र बघा. पेट्रुची आणि कीबोर्डवाला जॉर्डन रुडेस या दोघांनीच लिहिला. ३४ तुकडे, दोन तास दहा मिनिटं, सगळी पात्रं एकट्या लाब्रीच्या गळ्यात. मी दोनदा सलग ऐकायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मध्ये भाजी आणायला गेले. तिथे ‘अरे बास’ म्हणायला कोणी नव्हतं असं मला वाटतं.

हे मी एवढ्या हिरिरीनं का सांगतेय? २००८ साली, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आमचाही बँड होता. मी गिटारवर. आमचं एकुलतं एक ‘मोठं’ गाणं चौदा मिनिटांचं होतं आणि ड्रमर दर रविवारी म्हणायचा, ‘मधला भाग काढा, मलाच झोप येते.’ तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. गाणं बावीस मिनिटांचं झालं. डेमो अजून अपुरा आहे.

तर, ‘पॅरासॉम्निया’त तुम्हाला ती ‘नाही’ म्हणणाऱ्याची कात्री जाणवते का?

—

बिनसाखरेचा:

मी पहिला! ;)

आमच्याकडे मुलगा हे लावतो तेव्हा मिक्सर चालू आहे की गाणं, हे बघायला मी स्वयंपाकघरात जातो. वाचतोय मात्र. भाजी आणायला गेलात ते आवडलं.

—

पाटावरवंटा:

धागा छान, पण मँगिनीवर अन्याय. आणि हा अन्याय सगळीकडेच होतो म्हणून जरा सविस्तर.

२०११ चा अल्बम रचला जात होता तेव्हा मँगिनी खोलीत नव्हताच. ड्रम्सचे भाग पेट्रुचीनं संगणकावर बसवले होते, ते त्याच्या हाती दिले आणि ‘यात तुझं घाल’ म्हणून सांगितलं. नव्या सुनेला पहिल्या दिवशी दुसऱ्याचा स्वयंपाक वाढायला लावायचा आणि वर मीठ कमी पडलं म्हणायचं! बर्कलीतली शिकवण्याची नोकरी सोडून आलेला माणूस. सात ड्रमरांच्या चाचणीतून निवडलेला, तीसुद्धा कॅमेऱ्यासमोर.

दुसरं. तुमचा सिद्धांत ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’ या अल्बमपाशी अडतो. २०१८ च्या उन्हाळ्यात पाचही जण न्यूयॉर्क राज्यातल्या माँटिसेलो इथं, एका धान्याच्या कोठाराचा स्टुडिओ केलाय तिथं, एकत्र राहायला गेले. स्वयंपाक एकत्र, रचना एकत्र. जेमतेम तीन आठवड्यांत लिहून झाला आणि तासाभरात संपतो. त्यात मँगिनीनं एका गाण्याचे शब्दही लिहिलेत. तिथं पोर्टनॉय कुठे होता? तरी कात्री चाललीच ना?

आणि या बँडला पहिली ग्रॅमी मिळाली ती २०२२ मध्ये. ड्रम्सवर मँगिनी. एवढंच.

—

अडीचकी:

@पाटावरवंटा, ‘डिस्टन्स’चा मुद्दा मान्य. खरं तर मला तो सोयीस्करपणे आठवला नव्हता. म्हणजे माणूस कोण यापेक्षा सगळे एका खोलीत होते का, हे महत्त्वाचं असेल.

सुनेची उपमा मात्र जाम पटली.

—

तिहाईत:

मी तबला वाजवतो, मेटल फारसं ऐकत नाही. पुतण्यानं एकदा ड्रीम थिएटरचं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ऐकवलं, ‘काका, मात्रा मोजा’ म्हणून. सहा मिनिटांच्या तुकड्यात शंभराहून जास्त वेळा मात्रांचा हिशेब बदलतो म्हणे. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि चहा मागितला. मध्येच पियानोवर जुन्या मूकपटासारखं रॅगटाइम येतं, तेव्हा मोठ्यांदा हसलो.

लोक म्हणतात, ‘हे सात मात्रांचं आहे, म्हणजे आपला रूपक.’ हे मला पटत नाही. रूपकात तीन-दोन-दोन अशी घडण आहे, समेलाच खाली आहे (टाळीऐवजी हात मोकळा), आणि ते आवर्तन फिरून फिरून तुम्हाला घरी आणतं. तबलजी कितीही लांब गेला तरी सम कुठं आहे ते श्रोत्यालाही माहीत असतं. या लोकांकडे घरच हलतं. सात झाले, मग पाच, मग सहा, आणि परतायचं ठिकाण गाणं लिहिणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ते पाठ करावं लागतं. ताल पाठ असतो तसं नव्हे, कविता पाठ असते तसं.

धागाकर्तीच्या प्रश्नाबद्दल: आमच्यात ‘नाही’ म्हणायला गुरू असतो. त्याला कारण द्यावं लागत नाही हा एक फायदा, आणि तोटाही तोच.

—

खुंटी:

अखेर तालाबद्दल कोणीतरी बरोबर बोललं. @तिहाईत, तुम्हाला स्वीडनचा मेशुगा हा बँड आवडेल असं वाटतं. त्यांच्याकडे घर हलत नाही. झांज सरळ चारात चालू असते आणि गिटारचा तुकडा, समजा, सातचा. चारचे सात आणि सातचे चार, म्हणजे अठ्ठावीस मात्रांवर दोघं भेटणार. पण त्यांना चौकट बत्तीसची हवी असते, म्हणून अनेकदा उरलेल्या चार मात्रांना वेगळा तुकडा जोडून समेवर येतात. तिहाईचा (तीनदा घेऊन समेवर येणाऱ्या तुकड्याचा) डौल नाही त्यात. शिंप्यानं उरलेलं कापड आत दुमडून शिवावं तसं.

आता माझा प्रांत. मी घरच्या घरी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते, दहा-बारा वर्षं झाली. ‘इमेजेस अँड वर्ड्स’चा विषय काढलात आणि स्नेअरचं (सेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचं) नाव घेतलं नाहीत, म्हणून लिहितेय.

त्या अल्बमचा स्नेअर ट्रिगर केलेला आहे. म्हणजे ड्रमच्या कातड्याला एक संवेदक लावायचा, आणि टिपरू पडलं की आधी साठवलेला एक आवाज वाजवायचा. हलका हात असो की जोरदार, कानावर तोच टण्. पोर्टनॉयला तो आवाज आवडला नाही हे त्यानं कित्येकदा बोलून दाखवलंय. ऐकताना मुद्दाम फक्त स्नेअरकडे लक्ष द्या: एवढे नाजूक, हळूच टाकलेले ठोके, आणि सगळे एकाच मापाच्या वाटीनं मोजल्यासारखे. @अडीचकी, इथं ‘नाही’ ड्रमरनं म्हटलं होतं आणि निर्मात्यानं ऐकलं नाही. तरी अल्बम थोरच. मग तुमच्या सिद्धांताचं काय करायचं?

दुसरं, संगणकावर बसवलेल्या ड्रम्सना नाकं मुरडू नका. याच मेशुगाचा २००५ चा ‘कॅच थर्टीथ्री’ अख्खा प्रोग्रॅम केलेल्या ड्रम्सवर आहे, आणि नमुने त्यांच्याच ड्रमरनं वाजवलेले. टॉमस हाकेसारखा ड्रमर घरात असताना! पुढच्या अल्बमला तो पुन्हा स्वतः बसला. कारण साधं असतं. रचना करताना ड्रम्स संगणकावर असले की एक ठोका इकडचा तिकडे करायला दोन सेकंद लागतात. खरा ड्रम सेट लावायचा तर बारा-चौदा माइक, प्रत्येकाचं अंतर, दोन माइकांत तोच ठोका पुढेमागे पोचला की आवाजाचा पोटातला भाग गायब. दिवस जातो नुसता त्यात.

आणि तिसरं, एका खोलीचं. दिल्लीच्या केशव धरनं घरातल्या स्टुडिओत स्कायहार्बर हा बँड सुरू केला. गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडात. फायली इकडून तिकडे. पुढे आपल्या मुंबईच्या गॉडेस गॅग्ड बँडमधले गिटार आणि बेसवालेही त्यात आले. २०१२ चा ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज’ ऐका आणि मला सांगा, कोण कुठल्या खोलीत बसलं होतं ते ऐकू येतं का?

—

अडीचकी:

@खुंटी, स्नेअरबद्दल वाचून आत्ता हेडफोन लावले. वीसेक वर्षं ऐकतेय आणि आता मला दुसरं काही ऐकूच येत नाहीये. काय केलंत हे!

त्याच अल्बमची आणखी एक आठवण. पहिलं गाणं, ‘पुल मी अंडर’, शेवटी मध्येच कापल्यासारखं थांबतं. कॉलेजात मित्रानं कॉपी करून दिलेली तबकडी होती. आम्हाला वाटलं, कॉपी अर्धवट झाली. त्याला शिव्या घालून दुसरी कॉपी करायला लावली. तीही तिथंच थांबली. मग त्याचा संगणक बिघडलाय असं ठरलं. मूळ गाणंच तसं आहे हे कळायला वर्ष गेलं, आणि त्या मित्राची माफी मी अजून मागितलेली नाही.

—

साडेसातचीगाडी:

हाहा, आमच्याकडे हीच कथा, फक्त कॅसेट. पेन्सिलीनं फिरवून फिरवून बघितली होती.

—

परसातला_पेरू:

न्यू जर्सीहून. एका खोलीच्या वादात एक गोष्ट राहिली: खोलीत येण्याआधी बोलणं सुरू व्हावं लागतं. पोर्टनॉय आणि लाब्री कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरला बँडचा कार्यक्रम होता, त्याला पोर्टनॉय प्रेक्षक म्हणून आला आणि तिथं दोघांचं मिटलं.

पेट्रुचीशी मात्र सूत आधीच जुळलं होतं. २०२० मध्ये पेट्रुचीच्या एकट्याच्या अल्बमवर ड्रम्स पोर्टनॉयचे. मग त्याच डीटीएचक्यूमध्ये पेट्रुची, रुडेस, पोर्टनॉय आणि बेसवर टोनी लेव्हिन असा लिक्विड टेन्शन एक्स्पेरिमेंट या त्यांच्या दुसऱ्या बँडचा तिसरा अल्बम झाला. म्हणजे ‘पॅरासॉम्निया’ची तालीम चार वर्षं आधी सुरू होती म्हणा ना. दरम्यान २०२१ चा बँडचा अल्बम होताना लाब्री कॅनडात अडकलेला, झूमवरून हजेरी. रचना चालू आहे आणि गायक कोपऱ्यात पडद्यावर! आमच्या घरी सत्यनारायणाला पुण्याचे आजोबा असतात तसे.

—

पाटावरवंटा:

हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाहीये आता.

बाकी ‘पॅरासॉम्निया’बद्दल माझं मत: उत्तम वाजवलाय, पण सुरक्षित आहे. एका गाण्यात पोर्टनॉयनं शब्दांत जुन्या गाण्यांच्या खुणा पेरल्यात, चाहत्यांनी ओळखून टाळ्या पिटाव्यात म्हणून. मी ओळखल्या, टाळ्याही पिटल्या, मग स्वतःचाच राग आला. कात्री म्हणाल तर शेवटचं गाणं साडेएकोणीस मिनिटांचं आहे हो ताई. कुठेय कात्री?

—

कोकणकडा_नव्हे:

मला संगीतातलं कळत नाही, पण ते शेवटचं गाणं रात्री ऐकलं. जाग आहे, हलता येत नाही, खोलीत सावलीसारखा माणूस उभा. आमची आजी म्हणायची, छातीवर येऊन बसतो. उशाशी विळा ठेवायची. हे लॉंग आयलंडच्या माणसालाही दिसतं याचं मला फार बरं वाटलं. म्हणजे बरं नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

—

अडीचकी:

@पाटावरवंटा, साडेएकोणीस मिनिटं आहेत, पण मला त्यात भाजी आणायला जावंसं वाटलं नाही. कात्री म्हणजे लांबी कमी करणंच नव्हे. त्या गाण्यात एक सूर सुरुवातीला येतो आणि शेवटी मोठा होऊन परततो, मधली धावपळ त्या परतण्यासाठी राखलेली वाटते. ‘अस्टॉनिशिंग’मध्ये चांगल्या चाली कमी नाहीत, पण प्रत्येक चालीला खुर्ची दिलीय. कोणाला उभं ठेवलेलं नाही.

@खुंटी, तुमचा प्रश्न टाळत नाहीये. स्नेअरचा निर्णय आणि रचनेचा निर्णय वेगळे धरावेत का? ध्वनी बाहेरच्यानं बिघडवला तरी गाणं तगतं, कारण ते आधी दोन वर्षं गायकाशिवाय, कंपनीशिवाय घासलं गेलं होतं. उलट १९९७ मध्ये बाहेरच्यानं गाण्याच्या पोटातच हात घातला. पण फायली पाठवून केलेल्या अल्बमचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथं ‘नाही’ कसं म्हणतात? मेल करतात?

—

खुंटी:

फाईल परत पाठवतच नाहीत. आठवडा गेला की समोरचा समजतो.

खरं सांगते, रचनेचं आणि ध्वनीचं वेगळं धरणं मला जमत नाही. गेल्या वर्षी एका पोरांच्या बँडचं काम केलं. सात तारांची गिटार, सगळ्यात खालची तार खर्जाच्या पार तळात. चौघांनी मिळून रचलेलं, घासलेलं, सगळं बरोबर. पण बेस आणि गिटार एकाच जागी बसून एकमेकांना खात होते. गिटारचा खालचा भाग कापला, बेसला थोडी खरखर दिली, आणि एकदम कळलं की बेसवाला पोरगा गिटारच्या मागोमाग जात नाहीये, वेगळीच चाल वाजवतोय. बाकी तिघांनाही ते तोवर माहीत नव्हतं! सहा महिने एकाच खोलीत बसून. मग त्यांनी त्या गाण्यातून दुसरी गिटार काढूनच टाकली.

—

तिहाईत:

@खुंटी, ते मेशुगा ऐकलं. अठ्ठावीसवर भेटतात हे खरं. पण मी हाताने टाळी देत बसलो होतो आणि सौ.ला वाटलं भजन लावलंय. बाहेर येऊन बघून गेली.

—

बिनसाखरेचा:

मुलाला हा धागा वाचायला दिला. त्यानं विचारलं, ‘बाबा, अडीचकीताईंचा बावीस मिनिटांचा डेमो कुठे मिळेल?’

—

अडीचकी:

कुठेच नाही, सुदैवाने. क्लिकशिवाय (कानात ठरावीक वेगाची टिकटिक न लावता) वाजवलेला आहे, त्यामुळे बावीस मिनिटांत वेग कुठून कुठे गेलाय ते आम्हालाही सांगता येत नाही. जॅम रूम (तालमीची खोली) तासाच्या भाड्यावर असायची, शेवटची दहा मिनिटं उरली की सगळेच पळत सुटायचे. तेही रेकॉर्ड झालंय.

काल रात्री ड्रमरला धाग्याचा दुवा पाठवला. बारा वर्षांत पहिला मेसेज. तासाभरानं उत्तर आलं:

‘वाचलं. मधला भाग अजून आहे का?’

मी लिहिलं, आहे.

‘काढ.’

—

साडेसातचीगाडी:

काढल्यावर इथे टाका.